मोटारीचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे सांगतात. मोटारीचे कूळ शोधावे की शोधू नये, याविषयी मात्र पूर्वजांनी काही सांगून ठेवलेले नाही. आणि ते साहजिकच आहे. त्यांच्या काळी ऋषी होते, नद्या होत्या, मोटारी नव्हत्या. परंतु अमेरिकेत आज कितीतरी माणसे सुटीचे दिवस आणि गाठीचे पैसे खर्चून नेमका हाच उद्योग करीत आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी मोटार त्यांच्या हाती लागते. ती कोणत्या कारखान्यात तयार झाली, कोणत्या गावच्या कोणत्या पेढीने ती पहिल्या धन्याला विकली, त्या धन्याने तिचे काय केले, हे कळल्याखेरीज त्यांना चैन पडत नाही. ऐकणाऱ्याला हा हौशी लोकांचा पोरखेळ वाटेल. पण थोडे थांबून पाहिले, तर या खेळाच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला दिसतो. एखाद्याचे मोल त्याच्या उगमात असते की त्याच्या प्रवासात? आणि उगम शोधायचाच झाला, तर तो कोणत्या हेतूने शोधावा?

आधी ही मोटार कोणती, ते सांगायला हवे. अमेरिकेत तिला 'मसल कार' म्हणतात. आपण हवे तर पीळदार गाडी म्हणू. तिच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्स कंपनीचा दंडक होता. तिच्या पाँटिॲक विभागातले जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ च्या गाड्यांसाठी त्यातून पळवाट काढली. गाडी नेहमीचीच, 'टेंपेस्ट' नावाची. गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजून मागितलेच, तर तीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सहा लिटरांहून मोठे इंजिन बसवून द्यायचे. दंडक गाडीला होता, गिऱ्हाइकाच्या हौसेला नव्हता! त्याच काळात आपल्याकडच्या रस्त्यांवर रुबाबात फिरणाऱ्या अँबेसडरचे इंजिन दीड लिटरचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या हौसेचा आकार कळेल. या गाडीला त्यांनी 'जीटीओ' असे नाव दिले आणि पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. मग शेव्हरोले, फोर्ड, डॉज, प्लिमथ असे सगळेच आखाड्यात उतरले. हा दंगल-मोसम फार दिवस टिकला नाही. १९७० मध्ये हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा आला, विम्याचे हप्ते तरुणांना परवडेनासे झाले, आणि १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या. दहाएक वर्षांत सारा खेळ आटोपला.

या खेळात विकणाऱ्या पेढीला एवढे महत्त्व का आले, हे कळण्यासाठी दोन नावे पुरेत. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग गावी डॉन येंको यांची शेव्हरोलेची पेढी होती. ते स्वतः शर्यतीत गाडी चालवणारे गृहस्थ. कंपनीच्या मध्यवर्ती कचेरीतून खास मागणी नोंदवण्याची एक वाट होती. टॅक्सीवाले आणि पोलीसखाते यांच्यासारख्या मोठ्या गिऱ्हाइकांसाठी ती ठेवलेली. १९६९ मध्ये याच वाटेने येंको यांनी ४२७ घनइंचांचे, म्हणजे सात लिटरांचे इंजिन घातलेल्या सुमारे दोनशे 'कॅमेरो' गाड्या कारखान्याकडून करून घेतल्या आणि आपल्या नावाचे पट्टे लावून विकल्या. इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या खेडेवजा गावचे विक्रेते फ्रेड गिब यांनी तर त्याहून पुढे जाऊन ॲल्युमिनियमच्या इंजिनाच्या पन्नास कॅमेरो मागवल्या. साधी कॅमेरो तीन हजार डॉलरच्या आत मिळत होती. ही गाडी आली तेव्हा तिची किंमत सात हजारांवर गेलेली. गिऱ्हाइके दारातून परत जाऊ लागली. शेवटी गिब यांनी बहुतेक गाड्या कंपनीला परत घ्यायला लावल्या आणि त्या इतर पेढ्यांकडे वाटून देण्यात आल्या. अशा गाड्या एकूण ६९ च झाल्या. ज्यांना त्या वेळी कुणी घरात घेईना, त्याच आज संग्राहकांच्या देव्हाऱ्यात बसल्या आहेत. लग्नाच्या बाजारात नाकारलेल्या मुलीने पुढे नाव काढावे, तशातली ही गोष्ट.

तेव्हा 'ही गाडी मुळात कुणाची?' या प्रश्नाच्या उत्तरावर फार मोठी रक्कम अवलंबून असते. पण उत्तर मिळवणे सोपे नाही. १९५८ च्या एका कायद्याने तिथे प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर किमतीचा कागद लावणे सक्तीचे झाले आणि गाडी ज्या विक्रेत्याकडे जायची त्याचे नावगावही त्यावर असावे असे ठरले. पुरावा म्हणून याहून चांगला कागद कोणता? पण नवी गाडी घरी आणल्यावर बहुतेक मंडळींनी पहिले काम केले ते हा कागद खरवडून काढण्याचे! शेव्हरोलेच्या हमीच्या पुस्तिकेत धातूची एक छोटी पट्टी असे; तीवर गाडीचा क्रमांक आणि तिच्या अंगाच्या खुणा उठवलेल्या असत. पुस्तिका हरवली की पट्टीही गेली. कारखान्यात जुळणी करणाऱ्या कामगाराला कोणत्या गाडीत काय बसवायचे हे सांगणारा कागद कधी आसनाच्या स्प्रिंगांत, तर कधी पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर तसाच राहून जाई. चाळीस-पन्नास वर्षांनी कुणी आसन उसवले की तो पिवळा पडलेला, उंदरांनी कुरतडलेला कागद हाती येतो. कधीकधी तो शेजारच्या गाडीचाच निघतो!

आणि मग विक्रेत्याची खूण. दिवाळीपूर्वी माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात, तेव्हा त्यांच्या काठांवरची ठिपक्याठिपक्यांची नावे आपण वाचतो: अमक्यांस तमक्यांकडून सप्रेम भेट, आणि खाली साल. अमेरिकन विक्रेतेही आपल्या पेढीच्या नावाचा धातूचा बिल्ला गाडीच्या मागच्या झाकणावर ठोकून देत. पुढे गाडी रंगवताना कुणी तो काढून टाकला, तरी त्याची बारीक भोके रंगाखाली बुजवलेली सापडतात. हौशी माणूस त्या दोन भोकांमधले अंतर मोजतो, जुन्या बिल्ल्यांशी ताडून पाहतो, आणि एखाद्या गावाचे नाव उमगले की कृतकृत्य होतो.

कंपन्यांच्या दप्तरांची कथा तर माणसांच्या जन्मनोंदींसारखीच लहरी. पाँटिॲकची मूळ बिले जपली गेली. त्यांत पेढीचे नाव मिळते. फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदी शाबूत आहेत. शेव्हरोलेच्या बाबतीत मौज अशी, की कॅनडात विकलेल्या गाडीच्या नोंदी तिथल्या शाखेने सांभाळल्या, पण अमेरिकेत विकलेल्या तिच्या सख्ख्या बहिणीचे तसे दप्तर बहुतांशी उरले नाही. आणि पेढ्यांचे म्हणाल, तर कितीतरी पेढ्या बुडाल्या, कितीतरी विकल्या गेल्या. २००९ च्या मंदीत जनरल मोटर्स आणि क्रायस्लर या दोन्ही कंपन्यांनी दिवाळे जाहीर केले, तेव्हा त्यांचे शेकडो विक्रेते एका फटक्यात गेले. ज्या पाँटिॲकपासून ही कथा सुरू झाली, ते नावही २०१० मध्ये बंद पडले. शोध घेणारा पत्त्यावर जाऊन पोहोचतो, तेव्हा शोरूमच्या जागी दुसरेच काही उभे असते. त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वहीत आजोबांच्या हातची सही पाहायला जावे आणि वहीच काय, उपाध्यायांचे घरही जागेवर नसावे, तशी त्याची गत होते.

कुळाला किंमत आली की बनावट वंशावळी आल्याच. साध्या सहा सिलिंडरांच्या गाडीत मोठे इंजिन घालायचे, पट्टे ओढायचे, एक जुना बिल्ला मिळवून झाकणावर ठोकायचा, की झाली थोर घराण्यातली गाडी तयार. त्याहून बेरकी लोक इंजिनावरचा क्रमांक तासून तिथे हवा तो क्रमांक ठोकतात. काही जण सडलेल्या पण कुलीन गाडीची क्रमांकाची पट्टी काढून धडधाकट सामान्य गाडीवर बसवतात. अमेरिकेच्या कायद्याने हा गुन्हा आहे. पण गुन्ह्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी विचाराची एक गाठ उरतेच. अशा वेळी खरी गाडी कोणती? पट्टी जिथे आहे ती, की मूळचे धड जिथे आहे ती?

ही गाठ मोटारींहून फार जुनी आहे. प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जतन केले. कुजलेली एकेक फळी काढून नवी बसवीत गेले. मग ते जहाज तेच राहिले की नाही, यावर तत्त्वज्ञांत वाद माजला. पुढे सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर थिसियसचे जहाज कोणते? आपल्याकडच्या 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तर दाखला चक्क रथाचाच आहे. भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू ज्यातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी उमगते ते असे, की हे सगळे एकत्र आले म्हणजे त्याला 'रथ' म्हणण्याची आपली रीत आहे. त्यांच्याखाली लपलेला आणखी कुणी रथ नाही.

या प्रश्नाचा निवाडा एकदा प्रत्यक्ष न्यायालयातही झाला. गाडी अमेरिकन नव्हती, इंग्रज होती. 'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखली जाणारी बेंटली. तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. नंतर तिचे भाग बदलत गेले; १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती उतरणीवरून कोसळली, चालक ठार झाला, आणि ती पुन्हा नव्याने बांधली गेली. १९९० मध्ये एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला. पण विकत घेणारे अडून बसले, की मूळ गाडीचे हिच्यात उरलेच आहे काय? इंग्लंडच्या न्यायाधीशांनी निकाल दिला तो गाडीच्या मालकाच्या बाजूने. त्यांच्या निर्णयाचा आशय असा, की शर्यत जिंकलेले लोखंड फारसे उरलेले नसले, तरी या गाडीची कहाणी कुठेही तुटलेली नाही. त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. आणि विकली जात होती ती लोखंडाइतकीच ती कहाणी. नागसेनाला हा निकाल फारसा परका वाटला नसता.

मग मोल कहाणीचेच, असे ठरवून मोकळे व्हावे काय? 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग तसेच सुचवते. १९७४ मध्ये मासिकातली जाहिरात वाचून न्यू जर्सीच्या एका गृहस्थाने ती विकत घेतली. त्यांची पत्नी शाळेत शिकवायला जाताना तीच गाडी चालवीत असे. मॅक्वीनने पुढे ती परत मागितली, पण ते विकेनात. अनेक वर्षे ती अज्ञातवासात राहिली. २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली आणि २०२० च्या जानेवारीत ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली. तिला कुणी नव्याने रंगवले नव्हते. रंग उडालेला, पत्र्याला पोचे पडलेले. ती मुळात कोणत्या पेढीत आली होती, याची फिकीर कुणाला होती? जगण्याने मोठी झालेली गाडी ती. तिला जन्माचा दाखला मागण्याचे कारणच उरले नाही.

इथे मला महाभारतातला रंगमंडपाचा प्रसंग आठवतो. कर्ण धनुष्य घेऊन उभा राहतो, आणि कृपाचार्य त्याला कूळ विचारतात. भीम त्याच्या सूतपणाची टवाळी करतो. तेव्हा उत्तर देतो दुर्योधन. म्हणतो, शूरांचा आणि नद्यांचा उगम कळणे कठीणच असते. आपली म्हण त्याच घराण्यातली असावी. दुर्योधनाच्या तोंडी शहाणपण क्वचितच आले, पण इथे आले आहे. कारण कर्णाला कूळ विचारले गेले ते त्याच्याविषयी जाणून घ्यावे म्हणून नव्हे. तो स्पर्धेतून बाहेर पडावा म्हणून. माणसाला कूळ विचारण्याच्या आपल्या जुन्या रीतीत हाच दोष आहे. विचारणाऱ्याचा निर्णय आधीच झालेला असतो. प्रश्न त्याला केवळ निमित्त पुरवतो.

म्हणून मला वाटते, उगमाच्या शोधाची नीती ही शोधलेल्या गोष्टीत नाही, शोधणाऱ्याच्या हेतूत आहे. माणसाच्या बाबतीत कूळ न विचारण्यात सभ्यता आहे, कारण त्या प्रश्नाने दुखावतो तो समोरचा माणूस. मोटार दुखावत नाही. तिचे कूळ लपवले, तर फसतो तो पुढचा गिऱ्हाईक, आणि विसरले जातात ते तिला घडवणारे. तेव्हा माणसाला जे विचारू नये, ते वस्तूला अवश्य विचारावे. मात्र मोठेपणासाठी विचारू नये, खरेपणासाठी विचारावे. या दोहोंतला फरक एका कसोटीने कळतो.

समजा, एका गृहस्थाने मोठ्या हौसेने जुनी मस्टँग घेतली आहे. गाडी गर्जना करते, पट्टे झळकतात, विकणाऱ्याने ती थोर घराण्यातली म्हणून सांगितले आहे. गृहस्थ पैसे भरून कंपनीच्या नोंदीचा उतारा मागवतो. उत्तर येते: गाडी कारखान्यातून निघाली ती सहा सिलिंडरांची, फिक्या रंगाची, एका लहानशा गावच्या पेढीसाठी. तिने शर्यत पाहिलेली नाही. बहुधा बाजारहाट केला असेल आणि पोरांना शाळेत पोहोचवले असेल. आता या गृहस्थापुढे दोन वाटा आहेत. तो उतारा फाडून टाकावा आणि गाडी जशी घेतली तशीच, त्याच बढाईसह, पुढे विकावी. कायद्याच्या हाती लागण्याची भीती फारशी नाही. किंवा तो उतारा गाडीच्या कप्प्यात ठेवावा, आणि पुढे जो कुणी येईल त्याच्या हाती किल्लीबरोबर तोही द्यावा, तोटा सोसून. पहिल्या वाटेने जाणारा कूळ शोधत नव्हताच. तो आपल्या किमतीला साक्षीदार शोधत होता. साक्षीदार उलटला, म्हणून त्याने त्याचे तोंड बंद केले. खरा शोध दुसऱ्याचा. ज्याला उत्तर काय यावे याची अट घालायची नसते, त्यालाच प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

आणि तोटा तरी केवढासा? त्या उताऱ्यामुळे गाडीच्या किमतीतले काही हजार डॉलर गेले असतील. पण एक गाव मिळाले, एक पेढी मिळाली, कुणा कारकुनाने टंकलेली एक तारीख मिळाली. ज्या कामगाराने जुळणीचा कागद आसनाखाली राहू दिला, त्याला तो पन्नास वर्षांनी कुणी वाचील असे वाटले नसेल. ज्या विक्रेत्याने ती गाडी एका कुटुंबाच्या हवाली केली, त्याने ग्राहकाचा हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या असतील आणि दुसऱ्या दिवशी तो सारे विसरूनही गेला असेल. आपल्या हातांतून गेलेल्या वस्तूंची आठवण जगात कुणी ठेवावी, एवढे मागणेही या माणसांनी कधी केले नव्हते. त्यांची विचारपूस करायला कुणी तरी मैलोगणती जातो, ही गोष्ट मला त्या गाडीच्या किमतीपेक्षा मोठी वाटते. पितळी भांडे घासताना काठावरचे नाव वाचून घरातली म्हातारी माणसे जी क्षणभर थांबतात, ते काही भांड्याचे मोल करण्यासाठी थांबत नाहीत.

नदीचे मूळ शोधू नये असे जे म्हणतात, त्याचे एक कारण मला असे दिसते, की मूळ पाहून मन खट्टू होते. राजमहेंद्रीला जिचा पैलतीर डोळ्यांना जेमतेम दिसतो, ती गोदावरी ब्रह्मगिरीवर पाण्याची एक बारीक धार असते. तिच्या थोरपणाचा मागमूसही तिथे नसतो. तो तिने पुढे वाटेवर, गावोगावचे ओढे पोटात घेत मिळवलेला असतो. म्हणून मुळाकडे जाऊ नये असे मी म्हणणार नाही. जावे. मात्र ती धार पाहिल्यावर नदी लहान झाली असे ज्याला वाटेल, त्याने डोंगर चढण्याचे कष्ट घेऊ नयेत. आणि ज्याला त्या धारेपुढेही हात जोडावेसे वाटतील, त्याने म्हणीची पर्वा न करता खुशाल वर जावे.